पडवीतला मोबाईल

१

विजयश्रीचं पत्र आलं तेव्हा मी ते उभ्या उभ्या वाचलं, घडी घातली आणि हातातल्या पुस्तकात ठेवून दिलं. उत्तर लिहायचं होतं. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, दिवाळी अंक येऊन जुने झाले. उत्तर काही लिहिलं गेलं नाही.

चाकणच्या बाजाराजवळ एक लहानसं वाचनालय आहे. मोशीहून बसनं येऊन मी संध्याकाळी त्याचं दार उघडतो. पूर्वी एका कंपनीच्या ग्रंथालयात होतो, त्यामुळे दुसरं काही जमत नाही. विजयश्री आणि पिंकी या दोघी मैत्रिणी सुट्टीच्या दिवशी महाळुंग्याहून यायच्या. रबराचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत दोघी कामाला, राहायलाही एकाच खोलीत. विजयश्री फक्त रहस्यकथा न्यायची. परत करताना विचारायची, "काका, तुम्ही कुठल्या पानावर ओळखलंत?" मी म्हणायचो, "निम्म्यावर." ती पुस्तकं मी आधीच वाचलेली असायची हे तिच्या लक्षात येत नसे. त्या गैरसमजापोटीच तिनं मला पत्र लिहिलं असणार.

हकीकत अशी होती. विजयश्रीला कधीतरी फिट येत असे. गोळ्या चालू होत्या, त्रास जवळजवळ थांबला होता. पिंकीशिवाय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. घरीही नाही, कारण लग्न ठरत आलं होतं. डॉक्टरांच्या कागदाचा एक फोटो तेवढा तिच्या मोबाईलमध्ये होता. एके दिवशी ती कामावर असताना तो फोटो तिच्याच मोबाईलवरून कंपनीतल्या मुलींच्या ग्रुपवर गेला. कंत्राटदारानं तिला दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत पाठवलं. मुलाकडच्यांनी नकार कळवला. ती परांड्याकडे आपल्या गावी निघून गेली. चमत्कारिक गोष्ट ही, की तिच्या स्वतःच्या मोबाईलमध्ये तो फोटो पाठवल्याची खूणही नव्हती. बाकी सगळ्यांच्या मोबाईलमध्ये होता.

"मोबाईल उघडायची ठिपक्यांची नक्षी मला आणि पिंकीलाच माहीत होती," तिनं लिहिलं होतं. "त्या दिवशी पिंकीची सुट्टी होती. मुली परत आल्या तेव्हा माझा मोबाईल तिच्या हातात होता. मी तिला सगळ्यांसमोर नको ते बोलले. पण काका, मन मानत नाही. मला एवढंच कळवा, पिंकी होती की नव्हती? मी आता मोबाईल ठेवत नाही, म्हणून पत्र टाका. जपून लिहा. आमच्या घरी पत्र आलं की हाताशी असेल तो फोडतो."

मी काय कळवणार? मासिकांतली पाककृतींची पानं कोण फाडून नेतं हेदेखील मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

मग थंडीत एका संध्याकाळी पिंकी एकटी आली. वाळली होती. पुस्तक टेबलावर ठेवून म्हणाली, "काका, माझं नाव कमी करा."

"का गं?"

"पगार झाला की परभणीला चालले, गावाकडं. इथं कुणी खोलीत घेईना. जिथं जाईन तिथं आधी माझं नाव पोचतंय. पोरी मला बघून मोबाईल पोलक्यात घालायल्यात." ती हसण्याचा प्रयत्न करत होती. मग एकदम थांबली. "तुम्हालाबी तसंच वाटतं का, काका? मीच केलं म्हणून?"

'नाही' म्हणायला हवं होतं. पण मला खरोखरच माहीत नव्हतं, आणि माझा चेहरा तिनं वाचला. ती गेल्यावर मी विजयश्रीचं पत्र शोधून काढलं.

२

महाळुंग्याच्या रस्त्यावर प्रज्वलचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. त्या घटनेच्या आधी त्याच आठवड्यात विजयश्रीच्या मोबाईलची फुटलेली काच त्यानं बदलली होती, असं पत्रात होतं. मी बराच वेळ बाहेर घुटमळलो. आत जाऊन काय विचारायचं हे सुचेना, म्हणून कव्हर मागितलं.

"कुठल्या मॉडेलला?" मी माझा मोबाईल दाखवला. प्रज्वलनं तो उलटसुलट करून पाहिला. "काका, ह्याला कव्हर नको. ह्याला हार घाला."

दुकानातले दोघंतिघं हसले. ते जाईपर्यंत मी थांबलो आणि मग विजयश्रीचं नाव घेतलं. त्याचं हसू गेलं.

"त्यात माझं काय?"

"काच बदलायला दिली तेव्हा तिनं नक्षी सांगितली असेल ना?"

"सगळेच सांगतात. मोबाईलच्या पाठीला चिठ्ठी लावतो. नाव आणि नक्षी. काम झालं की फेकतो."

"म्हणजे तुम्हालाही..."

"बोला की स्पष्ट." त्यानं हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "हो, मला उघडता आला असता. तिचा ग्रुप माझ्या कॉम्प्युटरवर जोडून ठेवता आला असता आणि इथं बसून फोटोपण टाकता आला असता. पण काका, मी टाकला असता तर पुसला कशाला असता?"

"पुसला?"

"तिच्या मोबाईलमध्ये दिसत नव्हता ना? मग पुसलाच." त्यानं आपल्या मोबाईलवर मला करून दाखवलं. पाठवलेली गोष्ट पुसायला गेलं की दोन ओळी येतात. एक, सगळ्यांसाठी पुसा. दुसरी, फक्त माझ्यासाठी पुसा. "दुसरी दाबली की तुमच्यापुरतं गेलं. बाकी सगळ्यांकडे तसंच राहतं. आणि तुम्हाला परत पहिलं दाबता येत नाही, कारण दाबायला तुमच्याकडे काही उरतच नाही. मुद्दाम बदनामी करणारा पुसत नाही, काका. कुणीतरी घाबरून पुसलंय, आणि घाईत चुकीच्या ओळीवर बोट पडलंय."

मी आभार मानून निघालो. तो मागून म्हणाला, "अजून एक. काच बसवल्यावर मी तिला बोट लावून बघ म्हणालो. मोबाईल घेईचना. घेणार कसा? दिवसभर एमरी पेपरनं रबराच्या कडा घासतात त्या पोरी, बोटांवर रेघ म्हणून राहत नाही. हजेरीच्या मशीनवरपण त्यांची बोटं उमटत नाहीत, कंपनीनं कार्डं दिलीत."

"मग?"

"मग काय. तिचं बोट नव्हतंच त्यात. तरी एक बोट आधीच नोंदलेलं होतं."

"कुणाचं?"

"ते मोबाईल सांगत नाही. 'बोट एक', एवढंच लिहिलेलं असतं."

३

त्या मुलींची खोली गोजाबाईंच्या चाळीत होती. गोजाबाई मूळच्या महाळुंग्याच्या. शेतात कारखाना उभा राहिला, गोठ्याच्या जागी खोल्या झाल्या. जुन्या घराची पडवी मात्र त्यांनी पाडू दिली नाही. पूर्वी तिथं गव्हाण होती. आता त्याच भिंतीला एक लांब लाकडी बोर्ड ठोकलेला होता आणि त्यावर ओळीनं मोबाईल चार्जिंगला लावलेले होते, दावणीला गुरं बांधावीत तसे.

"खोल्यांत बटन न्हाई दिलं मी," गोजाबाई म्हणाल्या. "शेगड्या लावत्यात पोरी, मीटर पळतो नुसता. कंपनीत बी मोबाईल नेऊ देत न्हाईत. मग कामाला जाताना हितंच लावून जात्यात. मी असते की राखनीला."

म्हणजे विजयश्रीचा मोबाईल कुलपाच्या आड नव्हताच. तो दिवसभर इथं, येणाऱ्याजाणाऱ्यासमोर होता. पत्र वाचताना मी तो पिंकीच्या उशाशी असल्याचं चित्र मनात रंगवून बसलो होतो.

"त्या दिवशी पिंकी कुठं होती?"

"आत निजली व्हती, दार लावून. पोट दुखत व्हतं तिचं. मीच ओवा दिला."

"मग पडवीत दुसरं कोण आलं होतं?"

"कुनी न्हाई."

"आठवून सांगा."

"मास्तर, हितनं कुत्रं गेलं तरी मला ठावं असतं. कुनी न्हाई म्हंजी न्हाई."

मी मास्तर नाही हे सांगण्यात अर्थ नव्हता. माझा तपास इथंच संपला असं वाटून जरा हायसंही वाटलं. चपला घालताना कोपऱ्यातल्या एका गोणीला पाय लागला.

"जपून! विजूची ज्वारी हाय ती. त्याच दिशी आली, आन त्याच दिशी पोरीचं वाटोळं झालं. दाना बी खाल्ला न्हाई तिनं त्यातला. मला बी हात लावू वाटंना."

"कुणी आणली होती?"

"तिच्या भावानं की. समाधाननं. तळेगावला टेम्पो चालवतो बघा. महिन्याला येतो, घरचं धान्य टाकतो. बसला हितंच, पानी पिला. मी च्या ठेवला, तर भायेर येस्तवर निघून बी गेला."

मी परत आत आलो. "गोजाबाई, तुम्ही तर म्हणालात त्या दिवशी कुणी आलं नव्हतं."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की इतकं वाचून ह्या माणसाला काय मिळालं असावं.

"मास्तर, त्यो काय कुनी हाय व्हय? भाऊ हाय तिचा."

४

दुसऱ्या दिवशी पहिली शिफ्ट सुटताना मी कंपनीच्या गेटसमोर उभा राहिलो. पिंकी मला पाहून वळून जाणार होती. मग कसं कोण जाणे, थांबली. आम्ही चहाच्या टपरीमागच्या ओट्यावर बसलो. तिच्याबरोबरच्या मुली आमच्याकडे न बघता पुढं गेल्या.

"विजयश्रीच्या मोबाईलमध्ये कुणाचं बोट होतं?" मी विचारलं.

"बोट? कुणाचंच नाही."

"प्रज्वलनं पाहिलंय."

"ते होय!" ती म्हणाली. "ते समाधानदादाचं. मोबाईल घेतला तवाच घातलेलं. तिच्या आईची अट होती. पोरीच्या मोबाईलमध्ये भावाचं बोट पाहिजे, नाहीतर मोबाईलबी नाही आन नोकरीबी नाही. दादा महिन्याला आला की बघायचा, कुणाचे फोन आले, कुणाचे फोटो. माझ्यातबी माझ्या भावाचं होतं. आमच्या लाईनीत निम्म्या पोरींचं तसंच हाय."

"मग विजयश्रीनं मला असं कसं लिहिलं की मोबाईल फक्त तुम्ही दोघीच उघडू शकता."

"बरोबरच लिहिलं की. दादाला कोण मोजतंय? घरचंच बोट."

ती हे अगदी सहज बोलली. मी चहाचा ग्लास खाली ठेवला.

"आणि मुली आल्या तेव्हा मोबाईल तुझ्या हातात कसा?"

पिंकी जमिनीकडे पाहत राहिली. "मी झोपून उठले, पडवीत आले, माझा मोबाईल बघितला. ग्रुपवर तिचा कागद. म्हनलं, विजू यायच्या आत पुसून टाकावा. म्हणून तिचा मोबाईल उघडला. तर त्यात दिसंचना. मी खालवर करत बसले, आन तेवढ्यात पोरी आल्या." तिनं ओढणीनं नाक पुसलं. "मी सांगितलं, पुसायला घेतला होता म्हणून. कोण ऐकतंय? विजूनंबी नाही ऐकलं."

समोरून कंपनीच्या बसेस निघत होत्या.

"काका," ती एकदम म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "तुम्ही बोटाचं का विचारलं? दादा आलता का त्या दिवशी?"

५

तळेगावच्या औद्योगिक वसाहतीत समाधानचा टेम्पो शोधायला फार त्रास पडला नाही. मागच्या फळीवर 'विजयश्री' असं रंगवलेलं होतं. ते वाचून मी परतच फिरलो असतो. पण त्यानं मला पाहिलं, कधीतरी बहिणीला सोडायला आला होता त्यावरून वाचनालयवाले काका म्हणून ओळखलं आणि टेम्पोच्या सावलीत पोतं अंथरून बसायला दिलं.

मी भाषण पाठ करून आलो होतो, ते विसरलो. जे आठवलं ते अडखळत सांगितलं. ज्यानं फोटो टाकला त्यानं लगेच पुसलाही, म्हणजे त्याला बदनामी करायची नव्हती. पुसल्यावर तो निर्धास्त झाला, पुढं काहीच हालचाल केली नाही, म्हणजे तो त्या ग्रुपमध्ये नव्हता. असता, तर आपल्या मोबाईलमध्ये फोटो तसाच आहे हे त्याला दिसलं असतं. पिंकी ग्रुपमध्ये होती. प्रज्वलला त्या दोन ओळींतला फरक ठाऊक होता. गोजाबाईंना मोबाईल उघडताच येत नाही. आणि ज्या एका बोटानं तो उघडत होता, ते त्या कंपनीतल्या कुठल्याच मुलीचं असू शकत नव्हतं.

समाधाननं आपला उजवा अंगठा दुसऱ्या मुठीत धरला. लहान मूल धरतं तसा.

"मला तो कागद माझ्या मोबाईलवर घ्यायचा होता, काका," तो म्हणाला. "डॉक्टरला दाखवायला. वाचून डोकंच चालंना. विजूला फिट येते आन आमाला पत्ताच नाही! पाठवायला गेलो, यादीत वरच तो ग्रुप होता, घाईत बोट पडलं त्याच्यावर. लगेच पुसला. मोबाईलमधून गेलेला डोळ्यांनी बघितला मी. वाटलं, झालं, मिटलं. देवाचं नाव घेतलं आन निघालो."

"आणि संध्याकाळी?"

"विजूनं फोन केला, रडत. पिंकीनं घात केला म्हणाली." तो थांबला. "मी 'हं' म्हणलं. तेवढंच. एकदा 'हं' म्हणल्यावर मग पुढं काय सांगणार?"

मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. नुसतं वाईट वाटलं.

"आई तिच्याशी नीट बोलत नाही, लपवलं म्हणून," तो म्हणाला. "तिच्या गोळ्या मी इथनं पाठवतो. घरात तिला मी एकटाच आहे, काका. हे कळलं तर तिला कुणीच राहणार नाही. तुमच्या पाया पडतो, लिहू नका."

"आणि पिंकी?"

पलीकडे कुणीतरी त्याला माल उतरवायला हाक मारत होतं.

वाचनालयात कोण काय वाचतं हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यानं येऊन बायकोबद्दल विचारलं तरीही नाही. दुसऱ्याची गोष्ट आपण उघड करू नये, एवढाच एक नियम मी नीट पाळला असेल. आणि आता एकाची गोष्ट झाकली की दुसरीचं आयुष्य उघड्यावर पडत होतं.

"तिनं मला एकच प्रश्न विचारलाय," शेवटी म्हणालो. "पिंकी होती की नव्हती. मी तेवढ्याचंच उत्तर लिहीन."

"आन तिनं पुढचा विचारला तर?"

"तर त्याचंही लिहीन. खोटं लिहायला अक्कल लागते. ती मला नाही."

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग हळूच विचारलं, "परांड्याला पत्र पोचायला किती वेळ लागतो?"

"पोस्टाचं काय सांगावं. पण टेम्पोपेक्षा जास्तच."

६

पाकीट आणलं होतं, ते तसंच ठेवलं आणि पोस्टकार्ड काढलं. विजयश्रीनं जपून लिहायला सांगितलं होतं. मी विचार केला, समाधानचं नाव कुणी वाचू नये हे खरं, पण पिंकीचं नाव मात्र सगळ्यांनी वाचायला हवं. पोस्टमननं वाचावं, आईनं वाचावं, हाताशी असेल त्यानं वाचावं. तिच्यावरचा आळ चारचौघांत आला होता. तो पाकिटात घालून उतरवण्यात काय अर्थ?

दोन कार्डं खराब केली. पहिल्यावर उशीर झाल्याबद्दल इतकं लिहिलं की मजकुराला जागा उरली नाही. दुसऱ्यावर धीराचे चार शब्द लिहिले. तेही मला खोटे वाटले.

तेवढ्यात पिंकी आली. गावी जायची बॅग खांद्याला होती. कपाटाजवळ उभी राहून पुस्तकांच्या पाठी बघत राहिली. काही घ्यायचं नव्हतं तिला.

"दादानं सांगितलं तिला?"

"माहीत नाही," मी म्हणालो. "कालपासून त्याचा फोन लागत नाही. गावी गेला असेल. नसेलही."

तिनं मान हलवली.

"तुझा पत्ता तिला कळवू का? तू हो म्हणालीस तरच."

तिनं खांद्यावरचा बॅगेचा पट्टा सारखा केला. "पत्ता नको," म्हणाली. "माझ्या घरीबी पत्रं फोडतात." मग दारापर्यंत जाऊन वळली. "माझं नाव कमी केलंत का, काका?"

"नाही. राहून गेलं."

"मग राहू द्या. तिचं काही आलं, तर इथंच येऊ दे. मी कधीतरी येईन."

ती येईल तेव्हा खरं, असं मी मनाशी म्हणालो. विजयश्री लिहील का, हेही मला सांगता येत नव्हतं. एका चुकीच्या शब्दानं तुटलेलं माणूस बरोबर शब्द मिळाला म्हणून परत जोडलं जातं, असा माझा अनुभव नाही.

तिसरं कार्ड घेतलं आणि न थांबता लिहिलं:

'चि. विजयश्रीस आशीर्वाद. पिंकी नव्हती. ती तो फोटो पुसायला धावली होती. तिला लिहायचं असेल तर वाचनालयाच्या पत्त्यावर लिही, मी पोचवीन.'

सही केली. वाचनालयाला कुलूप घातलं आणि बाजारातून पोस्टापर्यंत चालत गेलो. कांद्याच्या गाड्यांनी रस्ता अडला होता, वाट काढायला वेळ लागला. लाल पेटीच्या तोंडाशी कार्ड धरून मी एकदा पुन्हा वाचलं. मागे उभ्या असलेल्या बाईनंही माझ्या खांद्यावरून ते वाचलं असावं, कारण ती थोडी पुढं झुकली होती. मी हात आडवा घातला नाही.

मग कार्ड आत सोडलं.